‘कशावरून?’ : पाचवी ते आठवीच्या मुलांना तर्काचे प्रकार शिकवताना

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, त्यांना १०० गुण असतात. एकूण ३०० गुणांच्या परीक्षेत हा वाटा गणिताएवढाच आहे. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेत तर ९० प्रश्नांचा अख्खा पेपर बौद्धिक क्षमता चाचणीचा असतो आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यामुळे जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे, उदापूर, ओतूर, मढ या पट्ट्यातल्या पालकांना हा विषय नवा राहिलेला नाही. घरात मार्गदर्शिका येते, सराव प्रश्नपत्रिका येतात, मुलं रोज एक-दोन पानं सोडवतात.

अडचण त्यापुढे सुरू होते. संख्यामालिका, समसंबंध, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, वेन आकृती असे प्रश्नप्रकार मुलं एकेक करून पाठ करतात. प्रश्नाचं रूप जरा बदललं की हात थांबतो, कारण त्या प्रश्नाच्या मुळाशी कोणत्या जातीचा विचार आहे, हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. प्रश्नप्रकार वीस असतील, पंचवीस असतील. त्यांच्या मागचे तर्काचे प्रकार मात्र मोजके आहेत. या लेखात त्यांतले चार घेतले आहेत.

हे चार प्रकार शिकवताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगावी. प्रत्येक तर्कातून निघणारा निष्कर्ष सारखाच पक्का नसतो. काही निष्कर्षांपुढे ‘नक्कीच’ लिहिता येतं, काहींपुढे ‘बहुधा’, तर काहींपुढे फक्त ‘असू शकेल’. कुठे कोणता शब्द लावायचा हे ज्या मुलाला कळलं, त्याला तर्क कळला असं समजायला हरकत नाही.

१. नियमाकडून उदाहरणाकडे : अवगामी तर्क

डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकांना उद्गामी आणि अवगामी हे शब्द ओळखीचे आहेत. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत त्यांनाच विगामी आणि निगामी म्हणतात. अवगामी तर्कात नियम आधी माहीत असतो आणि तो समोरच्या उदाहरणाला लावायचा असतो. नियम खरा असेल आणि नीट लावला असेल, तर निष्कर्षापुढे ‘नक्कीच’ लिहिता येतं.

आपल्या न्यायशास्त्रातलं याचं प्रसिद्ध उदाहरण डोंगरावरच्या धुराचं आहे. ते पाच पायऱ्यांत मांडतात. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचे डोंगर पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. मुलाने दिलेलं कोणतंही उत्तर या पाच पायऱ्यांत मांडून घ्या. कुठली पायरी कच्ची आहे ते त्याचं त्यालाच दिसतं.

याच उदाहरणावर तीन तपासण्या शिकवता येतात.

पहिली तपासणी : माहिती खरी आहे का? पावसाळ्यात माळशेज घाटाच्या कड्यांवर जे पांढरं दिसतं तो धूर नसतो, धुकं असतं. धुक्याला धूर समजून काढलेला निष्कर्ष कितीही शिस्तीत मांडला तरी चुकीचाच.

दुसरी तपासणी : नियम खरा आहे का? ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे एखाद-दुसऱ्या वेळेला खरं असून भागत नाही. तो संबंध कुठेही तुटत नाही ना, ते पाहावं लागतं. न्यायशास्त्रात या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात.

तिसरी तपासणी : नियम उलटा तर वाचला नाही ना? धूर असेल तर अग्नी असतो. पण अग्नी असेल तर धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जुन्या पंडितांनी हेच उदाहरण दिलेलं आहे.

मुलांची सर्वांत जास्त गफलत या तिसऱ्या ठिकाणी होते. त्यासाठी एक विधान घ्या : ‘धरणातून पाणी सोडलं की खालच्या नदीचं पाणी वाढतं.’ मग चार प्रश्न विचारा. धरणातून पाणी सोडलं आहे, तर? नदीचं पाणी वाढेल, नक्कीच. नदीचं पाणी वाढलेलं नाही, तर? धरणातून पाणी सोडलेलं नाही, हेही नक्कीच. नदीचं पाणी वाढलं आहे, तर? इथे थांबायचं. पाणी धरणातून सुटलेलं असेल किंवा वर जोराचा पाऊस झाला असेल. ‘नक्कीच’ म्हणता येत नाही. आणि धरणातून पाणी सोडलेलं नाही, तर? नदी वाढणारच नाही, असंही म्हणता येत नाही. पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरातल्या मुलाला हे चार प्रश्न तोंडी विचारले तर दहा मिनिटांत उमगतात. पुस्तकातल्या ‘जर-तर’च्या प्रश्नांना मग तो घाबरत नाही.

‘सर्व’ आणि ‘काही’ यांच्या विधानांत आणखी एक खड्डा असतो. हे पाहा : सर्व डिंगोरेकर जुन्नर तालुक्याचे रहिवासी आहेत. जुन्नर तालुक्याचे काही रहिवासी शेतकरी आहेत. म्हणून काही डिंगोरेकर शेतकरी आहेत. हा निष्कर्ष निघतो का? मूल पटकन ‘हो’ म्हणेल, कारण डिंगोऱ्यात शेतकरी आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण दिलेल्या दोन विधानांवरून तो निष्कर्ष निघत नाही. तालुक्यातले ते ‘काही’ शेतकरी डिंगोऱ्याबाहेरचेही असू शकतात. मोठं वर्तुळ तालुक्याचं, त्याच्या आत छोटं वर्तुळ डिंगोऱ्याचं काढायला सांगा. मग शेतकऱ्यांचं वर्तुळ मोठ्या वर्तुळाला छेदून, पण छोट्याला न शिवता काढता येतं का, ते त्यालाच करून पाहू द्या. काढता येतं, म्हणजे निष्कर्ष पक्का नाही. विधान प्रत्यक्षात खरं असणं वेगळं आणि ते दिलेल्या माहितीवरून निघणं वेगळं. परीक्षेत दुसरी गोष्ट विचारलेली असते.

२. उदाहरणांकडून नियमाकडे : उद्गामी तर्क

इथे उलट चाल असते. अनेक उदाहरणं पाहायची, त्यांतलं सारखेपण हेरायचं आणि नियम बांधायचा. संख्यामालिका, आकृत्यांची मालिका, सांकेतिक भाषेतला संकेत शोधणं, गटात न बसणारं पद ओळखणं, हे सगळं इथे येतं. निष्कर्षापुढे शब्द लागतो ‘बहुधा’.

बहुधा का, हे वहीवर दाखवता येतं. मुलाला एक वर्तुळ काढायला सांगा. कडेवर २ बिंदू घेऊन ते जोडले तर वर्तुळाचे २ भाग होतात. ३ बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले तर ४ भाग. ४ बिंदूंना ८, ५ बिंदूंना १६. आता ६ बिंदूंना किती, असं विचारा. मूल ठामपणे ३२ म्हणेल. मग मोठं वर्तुळ काढून, मधे तीन रेषा एकाच ठिकाणी मिळणार नाहीत याची काळजी घेऊन, भाग मोजायला लावा. ते ३१ भरतात. चार पायऱ्या टिकलेला नियम पाचव्या पायरीला मोडतो. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेलं मूल दोन-तीन उदाहरणांवर नियम ठोकून मोकळं होत नाही.

मालिकांच्या प्रश्नांतही हेच सांगावं. २, ४, ८ यांच्यापुढे काय? दुप्पट करत गेलं तर १६. फरक २, ४, ६ असा वाढवला तर १४. तीन संख्यांना दोन्ही नियम लागू पडतात. म्हणून मालिकेतली प्रत्येक दिलेली संख्या आपल्या नियमात बसते का ते पाहायचं आणि मगच पर्यायांकडे वळायचं.

या तर्काची ताकद दाखवायची असेल तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची गोष्ट सांगा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. आकड्यांशी खेळता खेळता त्यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि उत्तरावर (ते तीन अंकी आलं तर पुढे ० लिहून) पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४च येते. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस संख्या घेऊन ६१७४ गाठली, तरी नियमापुढे ‘बहुधा’च लिहावं लागतं. पण चार अंकी संख्या मोजक्याच आहेत. त्या सगळ्या तपासता येतात, तशा तपासल्याही गेल्या आहेत आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते हे सिद्ध आहे. एकही संख्या तपासायची उरली नाही, तेव्हा ‘बहुधा’चं ‘नक्कीच’ झालं.

व्यवहारात या तर्काची फसगत कुठे होते, तेही मुलांशी बोला. माळशेजच्या बाजूला राहणाऱ्या मुलाला वाटेल की जुन्नर तालुक्यात भरपूर पाऊस पडतो. त्याच तालुक्याच्या पूर्वेला आणे पठार आहे आणि तिथे पाण्याची टंचाई आहे. मुलाने पाहिलेली उदाहरणं खरीच होती, पण ती सगळी एकाच बाजूची होती. भाजीपाल्याच्या भावाचंही तसंच. गेल्या वर्षी या महिन्यात टोमॅटोला चांगला भाव मिळाला, म्हणून यंदाही मिळेल, हा उद्गामी तर्क आहे. तोच तर्क सगळ्यांनी केला, सगळ्यांनी लागवड वाढवली, की नारायणगावच्या बाजारात आवक वाढते आणि भाव पडतो. उदाहरणं किती आहेत, ती सगळीकडची आहेत का आणि परिस्थिती तीच आहे का, हे तीन प्रश्न इथे विचारायचे.

३. जोडीवरून जोडी : साम्यावरून तर्क

परीक्षेत याला समसंबंध म्हणतात. ‘१६३० : शिवनेरी :: १६७४ : ?’ या प्रश्नाचं उत्तर रायगड. पण उत्तर आलं एवढ्यावर समाधान मानू नका. मुलाकडून पूर्ण वाक्य म्हणून घ्या : ‘१६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तसा १६७४ मध्ये रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला.’ संबंध वाक्यात सांगता आला तरच तो कळलेला असतो. वाक्य जुळत नसेल तर उत्तर अंदाजाचं आहे.

संख्यांच्या जोड्यांत जास्त सावध राहावं लागतं. ‘६ : ४२ :: ८ : ?’ इथे सातने गुणलं असं मानलं तर ५६ येतात. पुढच्या संख्येने गुणलं असं मानलं तर आठ नवे ७२ येतात. पहिल्या जोडीला दोन्ही नियम बसतात. एकच जोडी दिली असेल तर तिच्यातून निघतील तेवढे नियम मांडायचे आणि पर्यायांत कोणता बसतो ते पाहायचं. पहिला सुचलेला नियमच बरोबर असं धरून चालणारी मुलं इथे गुण गमावतात.

दोन गोष्टी एका बाबतीत सारख्या आहेत म्हणून सगळ्याच बाबतींत सारख्या असतील, असं नाही. शेजारच्या गावातल्या मुलाला अमुक क्लासमुळे शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, हा साम्यावरचा तर्क आहे. त्यापुढे ‘असू शकेल’ एवढंच लिहावं.

४. खुणांवरून कारणाकडे

चौथा प्रकार परीक्षेत कमी आणि जगण्यात जास्त लागतो. समोर खुणा आहेत, घटना घडून गेली आहे आणि त्या सगळ्या खुणांचा उलगडा करणारं सर्वांत पटणारं कारण शोधायचं आहे. डॉक्टर, गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, पोलिस, इतिहास संशोधक, सगळे याच तर्कावर काम करतात. आपल्या भागातल्या मुलांना याचं उदाहरण बांधावर भेटतं.

सकाळी शेताच्या ओल्या मातीत एक ठसा दिसला. घरात लगेच बोललं जातं, ‘बिबट्या येऊन गेला.’ कशावरून? ठशाला चार बोटं आहेत. पण ती कुत्र्याच्या पायालाही असतात. नखांच्या खुणा आहेत का? कुत्रा आणि तरस यांच्या ठशांत बहुधा नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. मागची गादी कशी आहे? बिबट्याची गादी मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. आकार केवढा आहे? नखं न दिसणारा पण अगदी लहान ठसा मांजराचा किंवा रानमांजराचाही असेल. माती चिखलाची आहे का? पाय घसरला तर बिबट्याचीही नखं उमटू शकतात. एवढ्या खुणा जुळल्या तर ‘हा बहुधा बिबट्याचा ठसा आहे’ असं म्हणता येतं. पण ‘बिबट्या अजून शेजारच्या उसात बसलेला आहे’ हा वेगळा निष्कर्ष झाला. त्यासाठी ठशाचा ताजेपणा आणि ठसे कुठे जातात, अशा आणखी खुणा लागतात. तोपर्यंत त्यापुढे ‘असू शकेल’ लिहायचं.

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. तर्क मोठ्यांसोबत, अंगणात बसून करायचा. ठशांमागे उसात जायचं नाही. ‘असू शकेल’ एवढी शंकाही वनखात्याच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवायला पुरेशी आहे. धोका मोठा असेल तेव्हा सावध होण्यासाठी ‘नक्कीच’ची वाट पाहायची नसते. मोबाइलवर आलेल्या ‘आपल्याच गावातला बिबट्या’ म्हणणाऱ्या व्हिडिओलाही हेच प्रश्न लावा : कुठला, कधीचा, कशावरून?

हाच तर्क विज्ञानात किती मोठं काम करतो, तेही आपल्या तालुक्यातूनच दाखवता येतं. खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ज्या ताऱ्यांना कुणी हात लावू शकत नाही, त्यांच्याबद्दल आलेल्या लहरींवरून तर्क करायचा, हे तिथलं काम. ज्या पल्सार ताऱ्यांचा अभ्यास तिथे होतो, त्यांतला पहिला १९६७ मध्ये इंग्लंडात जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने, अगदी नियमित ठोके येत होते. पृथ्वीवरच्या एखाद्या यंत्राचा हा त्रास असेल का, हे आधी तपासलं गेलं. परग्रहावरच्या कुणाचा संदेश असेल का, हीही शक्यता बोलली गेली. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा स्रोत सापडला आणि परग्रहवासीयांची शक्यता मागे पडली. शेवटी वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा हे कारण सगळ्या खुणांना पुरून उरलं. एक कारण सुचलं की दुसरं शोधायचं आणि कोणतं कारण कोणत्या खुणेने बाद होतं ते पाहायचं, ही सवय मुलांना लावायची आहे.

परीक्षेचा प्रश्न समोर आला की

प्रश्न वाचल्यावर मुलाने स्वतःला एकच गोष्ट विचारावी : नियम दिलेला आहे की शोधायचा आहे?

* नियम दिलेला असेल तर अवगामी तर्क. रांगेतलं स्थान, दिशा, नातेसंबंध, विधाने आणि निष्कर्ष हे प्रश्न यात येतात. यांत अंदाज चालत नाही, आकृती काढायचीच. सकाळी डिंगोऱ्याहून माळशेजकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तर सावली पुढे पडते आणि डावा हात दक्षिणेला येतो. दिशेचे प्रश्न असे रस्त्यावर उभं करून शिकवा.
* नियम शोधायचा असेल तर उद्गामी तर्क. संख्यामालिका, गटात न बसणारं पद, आकृत्यांचा क्रम हे प्रश्न यात येतात.
* सांकेतिक भाषा आणि समसंबंध यांत दोन्ही पायऱ्या असतात. आधी नियम शोधायचा, मग तो लावायचा. उत्तर चुकलं तर कोणती पायरी चुकली ते पाहा.

सूत्रं पाठ करून घेण्यापूर्वी ती का चालतात ते दाखवा. एक मुलगी रांगेत डावीकडून ७वी आणि उजवीकडून १२वी असेल तर रांगेत १८ जणी असतात. ७ आणि १२ मिळवून १ का वजा करायचा? कारण ती मुलगी दोन्हीकडून मोजली गेली. पाच मुलांना अंगणात उभं करून मोजलं की हे कायमचं लक्षात राहतं.

घरी काय करता येईल

एक, चुकांची वही ठेवा. चुकलेल्या प्रश्नाचं नुसतं बरोबर उत्तर लिहून उपयोग नाही. पुढे कारण लिहायचं : माहिती चुकीची वाचली, नियम चुकीचा धरला, नियम उलटा वाचला, की बाहेरची माहिती आत आणली. महिन्याभरात मुलाची नेहमीची चूक कोणती ते दिसून येतं.

दोन, वेळेचा सराव शेवटच्या दोन-तीन महिन्यांत करा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पण सुरुवातीपासून घड्याळ लावलं तर मूल विचार सोडून अंदाजाकडे वळतं.

तीन, परीक्षा कोणत्या इयत्तेला आहे ते शाळेत विचारून घ्या. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. असे बदल होत असतात. राज्य परीक्षा परिषदेचं त्या वर्षीचं परिपत्रकच प्रमाण धरा.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : मुलाला ‘कशावरून?’ विचारा आणि त्यालाही तुम्हाला विचारू द्या. मोठ्यांना उलट विचारू नये, असं वळण आपल्याकडे आहे. आदर राखून विचारलेल्या ‘आजोबा, हे कशावरून?’ या प्रश्नात उद्धटपणा नाही. त्या प्रश्नाला शांतपणे कारण सांगणारा आजोबा, आई किंवा शिक्षक मुलाला तर्काचा पहिला धडा देत असतो. आणि कारण माहीत नसेल तर ‘चल, शोधू’ म्हणणारा दुसरा.

शिष्यवृत्ती सगळ्यांना मिळणार नाही. यादीत जागा ठरावीक असतात. पण कोणत्या गोष्टीपुढे ‘नक्कीच’ लिहायचं आणि कोणत्या गोष्टीपुढे ‘बहुधा’, हे प्रत्येक मुलाला शिकता येतं. बियाणं निवडताना, कर्ज घेताना, मोबाइलवरची बातमी पुढे पाठवताना आणि मत देताना त्याला हेच लागणार आहे. म्हणून या आठवड्यात मार्गदर्शिकेतले दहा प्रश्न कमी सोडवले तरी चालतील. त्याऐवजी एकच प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर मुलाकडून कारणासकट, पूर्ण वाक्यांत ऐका.